ढब्बीची डावी बाजू

४ जून

ताई,

नमस्कार आणि बाकीचं सगळं नेहमीचं. फोनच करणार होतो, पण तुमच्याकडे फोन तू उचलतेस आणि बोलतात भावजी. त्यात आजचा विषय गाडीचा. ज्या माणसाने जन्मात स्टिअरिंगला हात लावला नाही त्याच्याकडून इंजिनावर व्याख्यान ऐकण्याची माझी तयारी नाही. म्हणून पत्र. त्यांना वाचून दाखवू नकोस.

तर, मी ढब्बी काढून टाकायचं म्हणतोय.

लिहिलं एकदाचं. सकाळपासून तीन कागद फाडले. लग्नानंतरची आमची पहिली गाडी, आणि आजवर एकच. तिला काय काय झालंय ते तुला ठाऊक आहे. पण आता प्रकरण माझ्या इभ्रतीवर आलंय. आमच्या दवाखान्याच्या इमारतीत खाली डॉक्टरांच्या गाड्या लागतात. हाडांच्या डॉक्टरांची लांब नाकाची काळी गाडी, डोळ्यांच्या डॉक्टरांची तशीच करडी, त्वचेच्या बाईंची तशीच पांढरी, आणि मध्ये आपली ढब्बी. परवा नवा वॉचमन आला. मला म्हणतो, "पेशंटनी इथे गाडी लावायची नाही." मी म्हटलं, "अरे, मी डॉक्टर आहे." त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. ढब्बीकडे बघितलं आणि विचारलं, "कशाचे?"

हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण फक्त तुला सांगतो. रोज सकाळी मी हिला शाळेत सोडून पुढे दवाखान्यात जातो. तो सगळा रस्ता ही बिचारी कामाला जुंपलेली असते. डॅशबोर्डचा कप्पा आपोआप उघडून मांडीवर पडतो, म्हणून तो गुडघ्याने दाबून धरायचा. काच खाली घसरते, ती हाताने वर ओढायची. आणि डावा आरसा तुटल्यापासून डावीकडचं सगळं हिनेच सांगायचं. "थांबा, सायकल आहे. आता घ्या. अहो घ्या म्हटलं की घ्या!" दिवसभर गणित शिकवून घसा बसायचा तो हिचा आधीच बसलेला असतो. "ही गाडी नाही, शिक्षा आहे," असं रोज ऐकवते. तिने एकदा तरी पाय पसरून, काहीही न करता बसावं, एवढीच माझी इच्छा.

पण तिला हे कळता कामा नये. "माझ्यासाठी एवढा खर्च?" म्हणून मोडता घालेल. म्हणून मी हौस आहे असं सांगितलंय. तू मेट्रन होतीस, तोंड बंद ठेवणं तुला जमतं.

शोरूमला जाऊन आलो. तिथे गाडी दाखवण्याआधी कॉफी देतात आणि विचारतात, "सर, तुमची जीवनशैली काय आहे?" मी म्हटलं, अक्कलदाढा. तो पोरगा ते लिहून घेत होता.

तुझा
बोळक्या


१० जून

बोळक्या,

पन्नाशी उलटली तरी तू याच नावाने सही करतोस, यातच तुझ्या जीवनशैलीचं उत्तर आहे. वर्गात सगळ्यांच्या आधी तुझे दात पडले आणि नाव पडलं. पुढे तू दातांचाच डॉक्टर झालास तेव्हा आपल्या घरात कुणालाही आश्चर्य वाटलं नव्हतं.

पत्र तुझ्या भावजींनी वाचलं. मी नाही दिलं, त्यांनी उशीखालून काढलं. त्यांचं म्हणणं, मोठ्या गाड्यांचं इंजिन "आतून हळवं" असतं. याचा अर्थ मी विचारला नाही, तूही विचारू नकोस.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या वॉचमनला तू काल ओळखत नव्हतास त्याच्यासाठी आज गाडी घ्यायची नाही. बायकोसाठी घेणार असशील तर ज्या बाईसाठी घेतोस तिला विचार. नाहीतर तू म्हणजे पेशंटला न विचारता भूल देणारा. तुझं गुपित माझ्यापाशी राहील. पण विचार तिला.

ताई


१३ जून

ती. वन्सं यांना,

नमस्कार. माझं पत्र बघून तुम्ही दचकला असाल. मी एरवी तुमच्या भावाच्या पत्राखाली दोन ओळी लिहून मोकळी होते. या वेळी मात्र वेगळं लिहितेय, आणि स्टाफरूममध्ये बसून लिहितेय. समोर भूमितीच्या वह्यांचा ढीग आहे, त्यामुळे कुणाला संशय येणार नाही.

यांना नवी गाडी हवीय. सेडान. माहितीपत्रक उशाशी घेऊन झोपतात. मी मात्र जागी असते.

वन्सं, यांचं काम कसं आहे ते तुम्ही जाणता. दिवसभर हे अशा माणसांशी बोलतात ज्यांच्या तोंडात यांची बोटं असतात. कुणी उत्तर देत नाही. संध्याकाळी घरी येतात तेव्हा यांची बोलायची सवयच गेलेली असते. "जेवण?" "हं." "दमलात?" "हं." पण सकाळी ढब्बीत बसले की वेगळाच माणूस असतो. मी डावीकडचं सांगायचं, यांनी उजवीकडचं. मध्येच कप्पा माझ्या मांडीवर पडतो आणि त्यातले हरवलेले चष्मे निघतात. भांडतो, हसतो. परीक्षेच्या दिवसांत तर मी काढलेल्या दहावीच्या पेपरातला चुकलेला प्रश्न यांनी सिग्नलला थांबल्यावर काढून दाखवला. शाळेचं फाटक आलं की वाटतं, अजून एक सिग्नल लागला असता तर बरं झालं असतं.

तुम्ही म्हणाल, मग गाडीला रोज नावं का ठेवतेस? अहो, नावं ठेवायला शेजारी माणूस लागतो. तो आहे म्हणून ठेवते.

पण हे यांना सांगू नका, तुम्हाला माझी शपथ. इतक्या वर्षांत यांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही. शर्ट मी आणते, चपला मी आणते. पहिल्यांदा यांच्या डोळ्यांत हौस दिसतेय. मी नाही म्हटलं की हे लगेच गप्प बसतील, आणि मग मला तो चेहरा जन्मभर बघावा लागेल.

तुमची
गणितबाई


१९ जून

गणितबाई,

तुझं पत्र वाचून मी डोक्याला हात लावून बसले. का ते सांगू शकत नाही. सांगता आलं असतं तर हे पत्र दोन ओळींत संपलं असतं.

वॉर्डात माझा एक नियम होता. एका खाटेची गोष्ट शेजारच्या खाटेला सांगायची नाही. नवराबायको शेजारशेजारच्या खाटांवर असले तरी नाही. त्या नियमापायी मी सिव्हिल सर्जनशी भांडले आहे. आता निवृत्तीनंतर तुमच्या एका गाडीसाठी तो मोडणार नाही.

तरी एवढं सांगते. त्याला समोर बसवून विचार, तुम्हाला ही गाडी नक्की कशासाठी हवीय? आणि उत्तर आल्यावर लगेच हो म्हणू नकोस. मुलांना तोंडी परीक्षेत विचारतेस तसं पुढचं विचार. का? कशावरून? पायऱ्या दाखवा.

ताई


२७ जून

ताई,

आनंदाची बातमी! परवा रात्री जेवताना हिनेच विषय काढला. तू म्हणाली होतीस तिला विचार, मी ते जमवत होतो, तर तिनेच मला विचारलं, "तुम्हाला गाडी नक्की कशासाठी हवीय?" मी म्हटलं, "हौस." ती म्हणाली, "कशावरून?" आता हौसेला काय पुरावा देणार? मी म्हटलं, "फार वर्षांपासून मनात होतं." ती म्हणाली, "मग घ्या ना." आणि ताई, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, बघ, कधीची सुटकेची वाट बघत होती बिचारी.

दुसऱ्याच दिवशी ढब्बीला शोरूममध्ये नेलं. जुनी द्यायची, नवी घ्यायची. जुन्या गाड्या तपासणारा एक गृहस्थ टॉर्च घेऊन आला. तिच्याभोवती फिरला, दरवाजा उघडून आत डोकावला, एका ठिकाणी बोटाने टकटक केलं, मग मागे सरून नुसता "हं" म्हणाला. ताई, तो चेहरा मी ओळखला. "काढावा लागेल" असं सांगण्याआधी मी तोच करतो. आयुष्यात पहिल्यांदा मला पेशंटची दया आली.

गाडी पुढच्या सोमवारी मिळेल. रंग काळा. सीटमध्ये मालिश करायची सोय आहे!

तुझा
बोळक्या


१ जुलै

बोळक्या,

थांब. कारण विचारू नकोस.

ताई


११ जुलै

ताई,

तुझं "थांब" गाडी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी पोचलं. पाठीमागे भावजींचा हात दिसतोच आहे. त्यांना सांग, इंजिन अजिबात हळवं नाही.

गाडी देताना सोहळा होता. गाडीवर रेशमी कापड झाकलेलं, दोरी आम्ही ओढायची. ओढल्यावर सगळ्या कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिथे चहा देणारे काकाही ट्रे खाली ठेवून टाळ्या वाजवत होते. मग पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात देऊन फोटो. फोटोत मी हसतोय आणि ही किल्लीआड गेली आहे. तिकडे मागच्या दाराने ढब्बीला कुणीतरी ढकलत नेत होतं. बॅटरी बसली असावी. मी बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण फोटोवाला "सर, इकडे" म्हणाला.

आता गंमत ऐक. विकणारा पोरगा हिला म्हणाला, "मॅडम, ही गाडी मागे बसणाऱ्यांसाठीच बनवलीय." त्याने मागचं दार उघडून धरलं, आणि तेव्हापासून ही मागेच बसते. मागच्या सीटला पाय ठेवायला वेगळी पाटी आहे, छोटा पडदा आहे. मला हवं होतं तसं ती पाय पसरून बसते. काही म्हणजे काही करत नाही. मी आरशात बघतो तेव्हा खिडकीबाहेर बघत असते. इतकी शांतता आहे गाडीत की माझं घड्याळ ऐकू येतं.

वॉचमन आता कडक सलाम ठोकतो. पहिल्या दिवशी सलाम झाल्यावर मी उतरलो, तर माझ्या मागे मान वाकडी करून बघायला लागला आणि मला म्हणाला, "साहेब नाही आले आज?"

हिच्या शाळेतल्या पोरींचाही तोच समज झालाय. एकीने "बाईंचा ड्रायव्हर टाय लावतो" असं म्हटलं म्हणे. असू दे. हिला आराम मिळतोय ना.

तुझा
बोळक्या


२६ जुलै

ती. वन्सं,

तुम्हाला म्हणून सांगते, मी सोमवारपासून बसने जायला लागले.

यांना सांगितलं, चालणं होतं, गुडघ्यांना बरं. यांनी एकदाच विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." यांनी मान हलवली आणि गाडीवर फडकं मारायला गेले.

गाडी वाईट नाही हो. गाडीत सगळं आहे. फक्त मला करायला काही नाही. पहिल्या दिवशी वळताना मी सवयीने म्हणाले, "थांबा, सायकल." त्याच वेळी गाडीतली बाईही बोलली. म्हणजे यंत्रातली. गोड आवाजात, "डावीकडे अडथळा आहे." आम्ही दोघी एकदम बोललो. हे म्हणाले, "हो, ऐकलं." आता यांनी कुणाला उत्तर दिलं ते मला कळेना. वन्सं, हसू नका. मला रडू आलं. एवढ्या मोठ्या बाईला यंत्राचा मत्सर वाटावा! पण वाटला. ती कधी दमत नाही, कधी "शिक्षा आहे" म्हणत नाही, आणि दिवसभर यांच्याबरोबर असते.

मी सांगायला जाईन तर यांची हौस मोडेल. मालिशची सीट लावून बसतात तेव्हा चेहरा किती शांत दिसतो. तुम्हीही सांगू नका.

तुमची
गणितबाई


३ ऑगस्ट

ताई,

या वेळी विनोद करायचं मन नाही.

ही बसने जाते. गुडघ्यांसाठी. ताई, जिच्या आरामासाठी गाडी घेतली ती बसच्या दांड्याला लोंबकळत जाते, आणि मी मालिश घेत एकटा जातो. मालिश होते तेव्हा सीटमधून कुणीतरी बुक्के मारतंय असं वाटतं, आणि बरोबरच आहे असंही वाटतं. काही बोलावं म्हटलं तर गाडी म्हणते, "माफ करा, मला समजलं नाही."

काल सिग्नलला उभा होतो. शेजारी ढब्बी! ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने घेतलीय. डोक्यावर पिवळी पाटी, दारावर फोन नंबर. स्टिअरिंगवर एक घाबरलेली मुलगी, आणि शेजारी मास्तर अर्धा खिडकीबाहेर लटकून ओरडतोय, "आता घ्या! अहो घ्या म्हटलं की घ्या!" सिग्नल हिरवा झाला, ढब्बी आचके देत निघून गेली. मी तसाच. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. आजवर कुणी माझं असं ऐकून घेतलं असेल, मला असं ओरडून सांगितलं असेल, तर ते त्या डाव्या सीटवरूनच. मला फार एकटं वाटलं, ताई. तुला सांगायला लाज वाटत नाही.

तिला गाडी आवडली नाही का? माझंच काही चुकलं का? तू तिला हळूच विचार ना. मी विचारलं म्हणून सांगू नकोस.

बोळक्या


९ ऑगस्ट

बोळक्या आणि गणितबाई,

दोघांना मिळून हे एकच पत्र. जो आधी पाकीट फोडेल त्याने दुसऱ्यासमोर वाचावं.

दोन महिने माझ्या घरी तुमची पत्रं येताहेत. याचं आलं की तिचं येतं. दोघांचा शेवट एकच, "सांगू नकोस." मी काही सांगितलं नाही, सांगणारही नाही. पण माझं डोकं आता टपालपेटी झालंय. तुम्ही एका घरात राहता, एका टेबलावर जेवता, आणि टेबलाच्या या टोकाचं त्या टोकाला कळायला माझा पत्ता लागतो? मध्ये तिकीट मी लावायचं?

तुम्ही दोघं चांगली माणसं आहात आणि चांगुलपणाने एकमेकांचा जीव घेताय. दुसऱ्यासाठी गप्प बसणं म्हणजे प्रेम असं कुणी शिकवलं तुम्हाला? मी वॉर्डात पाहिलंय. "तिला त्रास नको" म्हणून नवरा कळ सांगत नाही, "त्याला काळजी नको" म्हणून बायको ताप सांगत नाही, आणि मग आम्ही धावपळ करायची.

इथून पुढे गाडी या विषयावर मला एक अक्षर लिहायचं नाही. माझी ड्यूटी संपली. भावजी विचारताहेत की मालिशची सीट किती वजन पेलते. त्याचंही उत्तर देऊ नका.

ताई


२१ ऑगस्ट

ती. वन्सं,

गाडीबद्दल लिहू नका म्हणालात, म्हणून हे पत्र बसबद्दल आहे.

तुमचं पाकीट माझ्या हाती आलं. रात्री जेवताना मी ते वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर हे पाणी प्यायले, मी भांडी उचलली. मला वाटलं, संपलं. आता हे असंच राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॉपवर उभी होते. मागून कुणीतरी धापा टाकत आलं. बघते तर हे. हातात दवाखान्याची बॅग, टाय खांद्यावर गेलेला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी सर्व्हिसिंगला दिलीय."

वन्सं, गाडी खाली उभी होती. कव्हर घालून. मी स्वतः तिला वळसा घालून बाहेर पडले होते. वरच्या मजल्यावरच्या काकू तर तिच्याशेजारी नातवाचा फोटो काढत होत्या. मी सरकून यांना रांगेत जागा दिली.

यांना बसची सवयच नाही. तिकिटाला कार्ड पुढे केलं, कंडक्टर म्हणाला, "आजोबा, सुट्टे द्या." 'आजोबा' ऐकून हे इतके दुखावले की शाळा येईपर्यंत त्यावरच बोलत होते. मी हसू दाबत होते.

तेव्हापासून रोज येतात. रोज सर्व्हिसिंग! जागा मिळाली तर शेजारी, नाहीतर दांडा धरून. परवा एका बाईंची गोष्ट सांगितली, दाढ काढताना हात धरायला नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. दाढ बायकोची, चक्कर नवऱ्याला. मी इतकी मोठ्याने हसले की पुढच्या दोन सीट वळून बघायला लागल्या.

आणि काल, बस पुलावर अडकलेली, गर्दीत आमचे खांदे एकमेकांना घासत होते, तेव्हा हे खिडकीकडे बघत म्हणाले, "मला हौस नव्हती. तुला आराम मिळावा म्हणून घेतली."

मी यांच्याकडे वळले. मग म्हटलं, "मला आराम नको होता. मला ढब्बीत तुमच्या शेजारी बसायचं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

बस हलली. यांनी माझी पर्स घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवली. पंचवीस वर्षांत यांनी माझी पर्स कधी हातात धरली नव्हती. लोक बघताहेत म्हणायचे.

शाळेचा स्टॉप आला. उतरता उतरता मी विचारलं, "उद्याही सर्व्हिसिंग आहे का?"

गंभीर चेहरा करून म्हणाले, "हो. बरंच काम निघालंय."

मी म्हटलं, "घाई नाही. सावकाश करू दे त्यांना."

तुमची
गणितबाई